त्याने धागा सोडला नाही

"सोड ना रे, खेळच आहे हा," त्याची आई म्हणाली. सहा वर्षांच्या त्या मुलाने लोकरीचा धागा दोन्ही मुठींत आवळून धरला होता. दुसरं टोक मधल्या खुर्चीवर बसलेल्या त्याच्या बहिणीच्या हातात होतं. तो नुसती मान हलवत राहिला.

मी बालसंगोपनाच्या क्षेत्रात समाजकार्यकर्ती आहे. अनाथ मुलांसाठी काही करावं असं एखाद्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना वाटलं, की तिथल्या कुटुंबांची तयारी करून घेणं हे माझं काम. त्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये सात कुटुंबं आली होती आणि मुलांनाही आणा, असा आग्रह मी धरला होता. घरात नवं मूल येतं तेव्हा खोली, खेळणी आणि आईबाबांचा वेळ वाटून द्यावा लागतो तो घरातल्या मुलांना. त्यांना न विचारता घेतलेला निर्णय पुढे सगळ्यांनाच जड जातो, हे मी पाहिलं आहे.

सुरुवातीला बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं 1:27 हे वचन वाचलं. अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा 'समाचार घेणे'. आज आपण एखाद्याला झापलं की 'चांगला समाचार घेतला' म्हणतो. शास्त्राच्या मराठीत मात्र त्याचा अर्थ जाऊन विचारपूस करणं असा आहे. मूळ ग्रीक क्रियापदातही भेटीला जाणं आणि काळजी वाहणं, दोन्ही येतं.

एक ज्येष्ठ काका मोठी योजना घेऊनच आले होते. मंडळीने स्वतःचं अनाथालय बांधावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी जॉर्ज म्यूलर यांचा दाखला दिला. ब्रिस्टलमध्ये 1836 साली भाड्याच्या घरात काम सुरू केलं आणि 1898 साली मृत्यू येईपर्यंत सुमारे 10,000 मुलांना आधार दिला. संडे स्कूलमध्ये ही साक्ष ऐकतच मीही मोठी झाले, आणि त्या विश्वासाबद्दल मला आजही आदर आहे. पण त्याच संस्थेने पुढे त्या भल्यामोठ्या इमारती विकल्या आणि मुलांना लहान घरांत हलवलं, हेही मी काकांना सांगितलं. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 साली सुरू झालेल्या अभ्यासाचीही माहिती दिली. संस्थांमधली 136 लहान मुलं त्यात होती. त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवली. घरात गेलेल्या मुलांची वाढ सावरली आणि जी साधारण दोन वर्षांची होण्याआधी गेली, त्यांची जास्त. शिवाय 'अनाथ' म्हणून मोजल्या जाणाऱ्या कितीतरी मुलांना आई किंवा वडील यांपैकी एक जण असतो. युनिसेफच्या व्याख्येतच दोघांपैकी एक गमावलेलं मूलही येतं. आजी, मामा, मावशी तर त्या व्याख्येत मोजलीच जात नाहीत.

काकांना हे पटलं नव्हतं. "ताई, आकडे ठीक आहेत, पण मूल उपाशी असेल तर?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

मग लोकरीचा खेळ घेतला. मधे बसलेली मुलगी म्हणजे घरापासून दूर जाणारं मूल. भोवतीचे सगळे तिची माणसं: आई, आजी, बाई, मैत्रीण, शेजारी, भाऊ. प्रत्येकाच्या हातात एकेक धागा. मी घडलेलं वाचत जाते आणि एकेक धागा कापते. आई वारली. शाळा बदलली. मैत्रीण सुटली. "जागेच्या सोयीसाठी भावाला दुसऱ्या संस्थेत ठेवलं," इथे आले, तेव्हा कात्री घेऊन मी त्या मुलापुढे उभी राहिले. त्याने धागा सोडला नाही. माझ्या हातून तो कापला गेला नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी दोन बहिणींना वेगवेगळ्या ठिकाणी पाठवण्याच्या अहवालावर सही केली होती. जागा नाही, असं मला सांगण्यात आलं आणि मी ते मान्य केलं. त्या दोघींना मी काहीच विचारलं नव्हतं. ती सही मी विसरलेले नाही.

हॉलमध्ये कोणी बोलेना. मग काका उठले. त्यांच्या शेजारी एक भाऊ-बहीण राहतात. आई गेली, वडिलांचा पत्ता नाही, आजी आजारी. काकांनीच खटपट करून मुलाची एका संस्थेत आणि मुलीची दुसऱ्या संस्थेत सोय लावली होती. सोमवारी अधिकाऱ्यांपुढे निर्णय व्हायचा होता. "त्या दोघांना विचारलंय का?" काकूंनी हळूच विचारलं. काका खाली बसले.

त्या मुलांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना मी फोन केला आणि त्यांच्या परवानगीने दुपारी काका, काकू आणि मी आजींकडे गेलो. सगळ्यांनाच यायचं होतं, पण मी आणलं नाही. दुःखातल्या घरात सात कुटुंबांची गर्दी कशाला? आजींनी सरळ सांगितलं, "पोरं मला जड नाहीत. मला दवाखान्यात कोण नेणार आणि तेव्हा यांच्याजवळ कोण थांबणार, एवढंच सांगा."

संध्याकाळी हॉलमध्ये परतलो तेव्हा सगळे थांबलेलेच होते. दवाखान्याच्या फेऱ्या दोन कुटुंबांनी घेतल्या. शाळेचा खर्च मंडळीने उचलला. आजींना दवाखान्यात राहावं लागलं तर दोघांना एकत्र ठेवून घेण्याची तयारी लोकरवाल्या मुलाच्या आईवडिलांनी दाखवली, आणि त्यासाठीची रीतसर तपासणी करून घ्यायचीही. यातलं काहीही मोठी इमारत दिसावी तसं दिसणारं नाही. पण त्या आजींना नेमकं हेच हवं होतं.

रविवारी उपासनेनंतर काकांबरोबर बसून त्यांच्या म्हणण्याची तयारी केली. संयुक्त राष्ट्रांच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत: केवळ गरिबी हे मुलाला कुटुंबापासून वेगळं करण्याचं कारण होऊ नये, आणि भावंडांची ताटातूट सहसा करू नये. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात अनाथाला न्याय मिळवून देण्याची आज्ञा आहे. काकांना ती पाठ होती. सोमवारी त्यांनी स्वतःचा अर्ज मागे घेतला आणि कोण काय करणार त्याचा नावानिशी कागद पुढे ठेवला. त्यांचा आवाज कापत होता.

अधिकारी बाईंनी तो कागद वाचला, बाजूला ठेवला आणि मुलीला विचारलं, "तुला काय वाटतं गं?" बालहक्कांच्या 1989 च्या करारात मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं असं कलमच आहे, पण ते इतक्या मायेने पाळलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

"दादा आणि मी एकत्रच," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि आजीची औषधं मी देते. कोणती कधी द्यायची ते दुसऱ्या कोणाला माहीतच नाही."

दोघं आजींकडेच राहतील आणि तीन महिन्यांनी पुन्हा आढावा घेऊ, असं ठरलं. बाहेर पडताच काकांनी खिशातून डायरी काढली, पायरीवर तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "सांग बाळ, सकाळची कोणती?"