हिमेजीचा किल्ला: 'सोपी भेट' म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका

ज्या प्रवासी कंपनीने आमच्या सहलीची आखणी केली होती, तिच्या पत्रकात जपानमधल्या हिमेजी किल्ल्याच्या नावापुढे 'सकाळची दीड तासाची सोपी भेट, सर्व वयोगटांसाठी' असे छापलेले होते. ते वाक्य लिहिणारा माणूस मुख्य मनोऱ्यात पायमोज्यांवर, हातात बुटांची पिशवी घेऊन कधीही चढलेला नसावा.

स्थानकातून बाहेर पडताच सरळ रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतो आणि तिथपर्यंतचे किलोमीटरभर चालणे खरोखरच सोपे आहे. हिशी दरवाजातून आत गेल्यावर मात्र वाट वळसे घेऊ लागते आणि समोर दिसणारा मनोरा मध्येच पाठीमागे जातो, कारण शत्रूला भटकवून तटावरून टिपण्यासाठीच ती तशी आखलेली आहे. मनोऱ्याच्या दाराशी बूट काढून पिशवीत घालावे लागतात व ती पिशवी शेवटपर्यंत आपणच वाहायची असते. पुढचे जिने वाड्यातल्या माळ्यावर जाणाऱ्या जिन्यासारखे आहेत: अरुंद, जवळजवळ उभे, पायऱ्या शतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या. तळघर धरून सात मजले आहेत आणि लिफ्ट नाही. खाली उतरणे चढण्यापेक्षा वाईट आहे, आणि रांग एकाच दिशेने सरकत असल्यामुळे मध्येच मागे फिरणेही अवघड. आमच्यातल्या सत्तरीच्या दोघांनी चौथ्या मजल्यावर भिंतीला टेकून जे काही सुनावले, ते त्या पत्रकाच्या लेखकाने ऐकायला हवे होते.

सिंहगड किंवा राजगड न थांबता चढणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र मनोऱ्यात शिरूच नये. निशि-नो-मारूचा, म्हणजे किल्ल्याच्या पश्चिम आवाराचा, लांब लाकडी ओवरीवजा मार्ग पाहावा, मनोऱ्याचे छायाचित्रही तिथूनच अधिक चांगले येते. तळाला रबरी ठिपके असलेले जाड मोजे घाला. पाठीवरची मोठी पिशवी स्थानकातल्या लॉकरमध्ये ठेवा, कारण पायऱ्यांवर दोन्ही हात लागतात.

आत सिंहासन, गालिचे, पलंग असे काहीही नाही. इथला सरदार इकेदा तेरुमासा याने 1609 मध्ये पूर्ण केलेली ही युद्धाची वास्तू आहे: भाले-बंदुका अडकवण्याच्या खुंट्या, झरोके आणि तळघरापासून वरच्या मजल्याच्या पायथ्यापर्यंत गेलेले दोन अजस्र खांब, ज्यांपैकी पश्चिमेचा विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत बदललेला आहे. सर्वांत वर एक छोटे देवस्थान आहे. ज्याला लाकूडकामाची आवड नाही, त्याला हे सगळे रिकामे वाटेल.

आता पैशांविषयी. मार्च 2026 पासून तिकीट 1000 वरून 2500 येनांवर गेले आहे. परदेशी म्हणून लुटतात, ही तक्रार खोटी आहे: हिमेजीबाहेरून येणाऱ्या प्रत्येक प्रौढाला, तो टोकियोचा असला तरी, हाच दर आहे. खरी लूट आमच्या कंपनीने केली. तिने सर्वांना सात दिवसांचा जपान रेल पास घ्यायला लावला, जो ऑक्टोबर 2023 पासून 50,000 येनांना मिळतो. क्योतोत मुक्काम करून हिमेजी आणि ओकायामा पाहायचे असेल, तर शिंकान्सेनची (बुलेट ट्रेनची) सुटी तिकिटे त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत येतात. ज्यावर ओसाकाच्या शिन-ओसाका स्थानकापासून ओकायामापर्यंत शिंकान्सेन चालते, तो कान्साई वाइड हा प्रादेशिक रेल्वे पासही बघावा. क्योतो ते ओसाका हा टप्पा मात्र त्यावर साध्या गाडीने करावा लागतो.

क्योतोची देवळे ठीक झाली, त्यांविषयी सगळेच लिहितात. ओकायामाचा काळा किल्ला 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळला आणि 1966 मध्ये काँक्रीटमध्ये पुन्हा उभा राहिला; त्यात लिफ्ट आहे, आणि हिमेजीनंतर तो बाहेरूनच पाहिला तरी पुरे. नदीपलीकडचे कोराकुएन मात्र सोडू नये. सिंहगड रस्त्यावरचे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान ज्याच्या धर्तीवर उभारले, ते हे 1700 मध्ये पूर्ण झालेले मूळ उद्यान, आणि थकलेल्या पायांना ते सपाट मिळते, ही त्याची सर्वांत मोठी थोरवी.

हिमेजी आधी, सकाळी नऊला दरवाजे उघडताच गाठा, कोराकुएन दुपारी. उलट क्रम लावणाऱ्याकडून सहल विकत घेऊ नका.