माझा अनुभव : करार वाचला तो व्याख्यांपासून

एका कंपनीसाठी प्रशिक्षणाचे धडे लिहून देण्याचं काम ठरलं आणि करार मेलवर आला. इंग्रजीत, लांबलचक. मोबदला, मुदत, काम सोडण्याच्या अटी ही कलमं सगळेच आधी उघडतात. मी मात्र व्याख्यांच्या कलमाची प्रिंट काढून शेजारी ठेवली. मोठ्या अक्षराने सुरू होणारा शब्द अशा करारात आपला रोजचा शब्द राहत नाही. त्याचा अर्थ तेवढ्या करारापुरता बांधून दिलेला असतो, आणि पुढे तो शब्द जिथे येईल तिथे ती अख्खी व्याख्या आहे असं समजून वाचायचं असतं. देवनागरीत मोठी अक्षरं नसल्यामुळे मराठी करारात हेच काम अवतरणचिन्हं किंवा ठळक ठसा करतो.

सगळ्या व्याख्या त्या एका कलमात नव्हत्या. काही मजकुरातच कंसात होत्या. ‘यापुढे कंपनी असा उल्लेख’ हा कंस तर पहिल्याच परिच्छेदात होता आणि त्यात त्यांच्या सगळ्या सहयोगी कंपन्याही बसवल्या होत्या. म्हणून असे कंस शोधून मी त्यांची वेगळी यादी केली.

नंतरची रीत साधी, पण वेळखाऊ. कलमातला शब्द काढायचा, त्या जागी व्याख्या लिहायची आणि वाक्य मोठ्याने वाचायचं. मालकीचं कलम एका ओळीचं होतं : ‘वर्क प्रॉडक्ट’ची मालकी कंपनीकडे राहील. यात गैर काहीच वाटत नाही. पण ‘वर्क प्रॉडक्ट’ची व्याख्या होती : कराराच्या मुदतीत लेखिकेने तयार केलेलं सर्व लेखन, टिपणं आणि आराखडे, मग ते सेवांशी संबंधित असोत वा नसोत. त्याच काळात मी स्वतःचं एक पुस्तक लिहीत होते. त्याचा करारात कुठेच उल्लेख नव्हता, तरी व्याख्या जागेवर बसवली की त्याची प्रकरणं सरळ कंपनीच्या नावावर जात होती.

पैशाचंही तसंच. शेवटचा हप्ता ‘अॅक्सेप्टन्स’नंतर ३० दिवसांत, असं कलम. आणि ‘अॅक्सेप्टन्स’ म्हणजे काय, तर कंपनीने स्वतःच्या मर्जीनुसार दिलेली लेखी मान्यता. ती कधीपर्यंत द्यायची याचा पत्ता नाही. म्हणजे ३० दिवस मोजायला सुरुवातच कुठून करायची हे कंपनीच्या हातात! मी जोड सुचवली : धडा मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो मान्य झाला असं धरावं. लगेच ‘कामकाजाचा दिवस’ हीही व्याख्या घालावी लागली, कारण आमचे सुट्टीचे वार वेगळे होते.

‘मीन्स’ आणि ‘इन्क्लूड्स’ या दोन क्रियापदांपाशी मी बराच वेळ थांबले. व्याख्येत ‘म्हणजे’ असेल तर अर्थ साधारणपणे तिथेच बंद होतो. ‘यात समाविष्ट आहे’ असेल तर दार उघडं राहतं; शब्दाचा नेहमीचा अर्थ कायम राहून वर आणखी भर पडते. गोपनीय माहितीची व्याख्या दुसऱ्या प्रकारची होती, त्यामुळे मला आधीपासून ठाऊक असलेली आणि चारचौघांना माहीत असलेली माहितीही त्यात ओढता आली असती. तिथे ‘म्हणजे’ करून घेतलं आणि अपवाद लिहून घेतले.

हे शब्दच्छल वाटू शकतं, पण वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या विम्याचा वाद आठवून पाहावा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर प्रश्न आला की दोन विमानांचे दोन आघात ही एक घटना की दोन? विम्याची मर्यादा दर घटनेमागे सुमारे साडेतीन अब्ज डॉलर होती. ज्या विमा कंपन्या विलिस या विमा मध्यस्थाच्या (ब्रोकरच्या) पॉलिसी-मसुद्याने बांधलेल्या होत्या, त्यांच्या बाबतीत एकाच प्रकारच्या कारणांच्या मालिकेतून झालेलं नुकसान ही एकच घटना, अशी व्याख्या होती; तिथे न्यायालयाने एकच घटना मानली. ज्यांच्या मजकुरात ‘घटना’ या शब्दाची व्याख्याच नव्हती, त्यांच्यापैकी नऊ कंपन्यांबाबत २००४ मध्ये ज्यूरीने दोन घटना ठरवल्या.

माझ्या करारातही एक शब्द असा उघडाच होता. ‘रिस्ट्रिक्टेड क्लायंट’साठी मी काम करायचं नाही असं कलम होतं, शब्द मोठ्या अक्षरात होता, व्याख्या मात्र कुठेच नाही. उलट ‘टेरिटरी’ची चांगली चार ओळींची व्याख्या होती आणि तो शब्द पुढे एकदाही आला नव्हता. जुन्या मसुद्यातून आलेला गाळ असणार. वापर नसलेली व्याख्या सहसा बिघडवत काही नाही; व्याख्या नसलेला शब्द भांडण लावतो. त्यावर मी नावांची यादी मागितली.

मी फोन केला तेव्हा त्यांचे विधी अधिकारी म्हणाले, “मॅडम, ही आमची स्टँडर्ड डेफिनिशन आहे, कुणी हरकत घेत नाही.” मी म्हटलं, “सर, मालकी तुमचीच राहू दे. फक्त कशाची, तेवढं नेमकं लिहूया.” ते त्यांना पटलं. मालकीच्या कलमाला हात न लावता ‘वर्क प्रॉडक्ट’ म्हणजे परिशिष्टातल्या धड्यांसाठी खास तयार केलेलं साहित्य, एवढंच ठेवलं. माझं आधीचं आणि करारबाहेरचं लेखन त्यातून वगळलं. कलमांवर वाद घालण्यापेक्षा व्याख्येत चार शब्द बदलणं दोघांनाही सोपं गेलं, कारण एका जागी केलेला बदल करारभर आपोआप लागू होतो.

सुधारित प्रतीत मी ते शब्द पुन्हा एकेक करून शोधले. परिशिष्टात ‘अॅक्सेप्टन्स’ अजून जुन्याच अर्थाने उरला होता. तो काढून टाकायला सांगितलं आणि मुख्य करार व परिशिष्ट यांत विसंगती आली तर मुख्य करारातली व्याख्या धरावी, ही ओळ घालून घेतली. ती प्रत आली, ताडून पाहिली आणि सही केली.