तुम्ही विचारलंत म्हणून: ऐकू येतं, पण बोललेलं जात का नाही?

‘सगळ्यांचं ऐकू येतं, पण पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबून बोललं तर पलीकडे काही पोचत नाही’, वॉकीटॉकीबद्दल हा प्रश्न सतत येतो. ऐकू येतंय म्हणजे सेट ठीक, हे गृहीतच चुकीचं. ५ वॉटचा व्हीएचएफ सेट बोलताना दीड अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, ऐकताना त्याच्या कितीतरी कमी. दमलेली बॅटरी ऐकण्यापुरती तग धरते, पीटीटी दाबलं की मान टाकते. म्हणून आधी चार्ज केलेली बॅटरी लावून बघा.

पीटीटी दाबल्यावर पीएलएल (फ्रिक्वेन्सी पक्की धरणारं सर्किट) आधी व्हीसीओला (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या ऑसिलेटरला) ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर लॉक करतो, मगच फायनल ट्रान्झिस्टरला (पॉवर वाढवणाऱ्या शेवटच्या टप्प्याला) बायस, म्हणजे त्याला चालू करणारं व्होल्टेज, मिळतो. (दाबल्या दाबल्या बोललात तर पहिलं अक्षर गिळलं जातं. अर्धा सेकंद थांबा.) माइकचा आवाज लिमिटर (आवाजाला मर्यादेत ठेवणारा) आणि फिल्टरमधून व्हॅरॅक्टर डायोडवर (व्होल्टेजनुसार कपॅसिटन्स बदलणाऱ्या डायोडवर) जातो आणि फ्रिक्वेन्सी हलवतो, १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर जास्तीत जास्त २.५ किलोहर्ट्झ इकडेतिकडे. त्यामुळे ओरडून पल्ला वाढत नाही, आवाज फक्त फाटतो. पुढे ड्रायव्हर (फायनलच्या आधीचा टप्पा), फायनल, अँटेना बोलणं-ऐकणं यांत बदलणारा पिन डायोडचा स्विच, लो-पास फिल्टर आणि अँटेना.

दोष शोधताना अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (पॉवर पिऊन टाकणारा नकली भार) लावा. १ किलोओहम, १ वॉटचे २० मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडले की झाला. पाय आखूड ठेवा. वायरवाउंड चालत नाहीत, त्यांची वेटोळी म्हणजे कॉइलच. काहीच न लावता पीटीटी दाबलं तर पॉवर परत फिरते आणि फायनल जळू शकतो.

आता शेजारी दुसरा सेट त्याच चॅनेलवर, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) उघडून ठेवा. पीटीटी दाबल्यावर खरखर थांबली पण आवाज नाही, तर कॅरियर (आवाज वाहून नेणारी रेडिओ लहर) जातोय आणि गडबड माइककडे आहे. आवाज स्वच्छ आला, तरी रिपीटर (सिग्नल पकडून पुन्हा जोरात सोडणारं केंद्र) उघडत नसेल तर सेट खोलू नका. सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडणारा ऐकू न येणारा सूर) आणि ऑफसेट (बोलण्या-ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सींमधला फरक) तपासा. बहुतेक ‘बिघडलेले’ सेट इथेच बरे होतात.

खरखर तशीच राहिली, तर बॅटरीच्या वाटेत अँमीटर घाला. करंट वाढतच नसेल तर बायस येत नाही किंवा फायनल गेलाय. दीड अँपिअर जातोय आणि तरी बाहेर काही नाही, तर पिन डायोड, फिल्टर आणि अँटेनाच्या सॉकेटचं सोल्डरिंग भिंगाखाली बघा. सेट अँटेनाला धरून उचलायची सवय असेल तर तडा बहुधा सॉकेटच्या मधल्या पिनलाच सापडतो.