उतरवलेल्या तारा

रविवार, रात्री साडेअकरा

मनगट आज दिवसभर ठणकतंय. पावसाळी हवा पडली की प्लेट बसवलेल्या जागी असं होतं, दोन वर्षं झाली तरी. रबरी चेंडूचे व्यायाम मी इमानेइतबारे करते. मूठ वळते, कणीकसुद्धा मळता येते. पण गिटारवर बार कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा दाबून धरायचा स्वरसमूह) धरायला गेले की तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून राहत नाही. एफ कॉर्ड वाजवली की दोन तारा मुक्या. शेवटी गिटार कपाटावर ठेवून दिली होती.

दुपारी जोनी मिचेल या कॅनडातल्या गायिका-गीतकाराचं न्यूपोर्टचं चित्रण पुन्हा लावलं. जुलै २०२२ चा न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हल, अमेरिकेतला संगीत महोत्सव. ती येणार हे लोकांना आधी सांगितलेलंच नव्हतं. डोक्यावर निळी बेरे टोपी, हातात काठी, मोठ्या खुर्चीत बसलेली ७८ वर्षांची बाई. शेजारी गायिका ब्रँडी कार्लाइल. या महोत्सवात ती याआधी गायली होती १९६९ मध्ये. मधल्या काळात, २०१५ च्या मार्चमध्ये, मेंदूत अ‍ॅन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगा) झाला आणि चालणं-बोलणं सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. गिटारसुद्धा. बोटं कुठे ठेवायची हे ती इंटरनेटवर स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून शिकली. त्या दिवशी एका गाण्याला ती उठून उभी राहिली, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, आणि गाण्याचे शब्द सोडून नुसती वाजवत राहिली. तो भाग मी तीनदा पाहिला. तिच्या डाव्या हाताकडेच बघत होते.

कारण त्या हाताची गोष्ट खूप जुनी आहे. नऊ वर्षांची असताना, कॅनडातल्या सस्कॅचवनमध्ये, तिला पोलिओ झाला. त्यातून ती उठली, पण डावा हात अशक्त राहिला. गिटार शिकायला लागल्यावर नेहमीच्या कॉर्ड धरताना बोटं दमायची. मग तिनं तारांनाच आपल्या बोटांच्या सोयीनं लावलं. आपल्याकडे रागाप्रमाणे तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणतात ना, तसं. फक्त तिनं सहाही तारांशी हे केलं, गाण्यागणिक वेगळं. अशी पन्नासेक ट्यूनिंग्ज तिनं वापरली आहेत. त्यातून निघालेल्या कॉर्डना ती प्रश्न विचारणाऱ्या कॉर्ड म्हणते.

संध्याकाळी स्टूल घेऊन गिटार खाली काढली. धूळ पुसली. सहावी तार ई या सुरावरून डीवर उतरवली, तिसरी जीवरून एफ शार्पवर, दुसरी बीवरून एवर, पहिली पुन्हा ईवरून डीवर. चौथी, पाचवी होत्या तिथेच. मग डावा हात मांडीवर ठेवून उजव्या हाताचा अंगठा वरून खाली नुसता फिरवला. अख्खी डी मेजर कॉर्ड. एकही बोट न लावता! मग तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीला) एक बोट, पाचवीवर दुसऱ्या फ्रेटला दुसरं. जीसारखं काहीतरी वाजलं, पण त्यात एक ए लोंबकळत राहिला, कुठेही न टेकता. मनगटावर काडीचाही ताण नाही. डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

न्यूपोर्टला तिनं ‘बोथ साइड्स नाउ’ गायलं. हे गाणं तिनं १९६७ मध्ये लिहिलं, २३ व्या वर्षी. विमानात कादंबरी वाचताना खिडकीतून खाली ढग दिसले आणि सुचलं. आधी गाजलं ते जूडी कॉलिन्सच्या आवाजात. जोनीचं स्वतःचं ध्वनिमुद्रण १९६९ चं, आवाज काचेसारखा स्वच्छ. २००० मध्ये तिनं तेच गाणं वाद्यवृंदाबरोबर पुन्हा गायलं, तोवर आवाज खर्जात उतरला होता. आणि २०२२ मध्ये आणखी खाली, सावकाश, शब्द जवळजवळ बोलल्यासारखे. मागे बसलेली गायिका वायनोना जड रडताना दिसते. आयुष्य दोन्ही बाजूंनी पाहिलं तरी कळलं नाही, हे २३ वर्षांच्या मुलीनं म्हणणं सुंदर आहे. ७८ व्या वर्षी ते ऐकवत नाही आणि बंदही करवत नाही.

‘आता आवाज राहिला नाही’ असं म्हणणारे आहेतच. मला याचा राग येतो. उतारवयातल्या ख्यालगायकाचा आवाज थकला तरी ‘गायकी बघा’ म्हणत आपण सरसावून बसतो. गीत गाणाऱ्या बाईनं मात्र कायम विशीतलंच राहायचं. पण गाणं जिनं स्वतः लिहिलंय तिला ते आपल्या वयाच्या पट्टीत आणता येतं, तो तिचा हक्कच आहे. अमेरिकन गायिका बॉनी रेटला १९८३ मध्ये रेकॉर्ड कंपनीनं सोडून दिलं. १९८९ मध्ये ती वय वाढण्यावरच गाणं घेऊन परतली आणि त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. वर्षातलं सर्वोत्तम गाणं हा ग्रॅमी तिला स्वतः लिहिलेल्या गाण्यासाठी मिळाला तो २०२३ मध्ये, ७३ व्या वर्षी.

आणि गायिका ट्रेसी चॅपमन. तिनं लिहिलेलं ‘फास्ट कार’ १९८८ चं. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स या गायकानं ते गायलं आणि कंट्री संगीताच्या रेडिओ-यादीत ते पहिलं आलं. एकटीनं लिहिलेलं गाणं त्या यादीच्या शिखरावर पाहणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पुढच्या फेब्रुवारीत ग्रॅमीच्या मंचावर ती त्याच्यासोबत गायला आली. पहिले सूर छेडताना तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही. त्याच रात्री, त्याच मंचावर, ८० वर्षांची जोनीही गायली. ग्रॅमीच्या सोहळ्यात गायची तिची ती पहिलीच वेळ.

गिटार परत नेहमीच्या ट्यूनिंगला आणलेली नाही. पलंगाशेजारीच ठेवली आहे. उद्या दुकानात जाऊन जरा जाड तारा बघायला हव्यात. सहावी डीवर फार सैल पडते आणि फ्रेटवर खरखरते.