कथा लिहून झाल्यानंतरचे पुणे

पुण्यात साहित्यिक कार्यक्रमांचा तुटवडा कधीच नसतो. कोणत्याही शनिवार-रविवारी टिळक रस्त्यापासून नवी पेठेतील पत्रकार भवनापर्यंत पुस्तक प्रकाशने, कविसंमेलने, परिसंवाद आणि सत्कार एकाच वेळी चाललेले असतात, आणि बहुतेक ठिकाणी प्रवेश विनामूल्य व सर्वांना खुला असतो. मात्र ज्याला ऐकण्याबरोबर स्वतः लिहायचे आहे आणि लिहिलेले कोणाला तरी वाचून दाखवायचे आहे, त्याने यांपैकी नेमके कोठे जावे, हे कार्यक्रमपत्रिकेवरून कळत नाही. चाळिशी ओलांडल्यावर, नोकरी सांभाळून मी कथालेखनाकडे वळले आणि याच शहरातील वाटांनी माझी पहिली कथा एका दिवाळी अंकात छापून आली. ते कसे घडले, हे नव्याने लिहू लागलेल्यांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

सुरुवात मी मोठ्या व्यासपीठांपासून केली आणि आजही कोणाला तसाच सल्ला देईन. वसंत व्याख्यानमाला 1875 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन 1878 मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली पुण्यात भरले. महाराष्ट्र साहित्य परिषद 1906 पासून उभी आहे. या परंपरेचा नव्या लेखकाला होणारा फायदा अगदी व्यावहारिक आहे. परिषदेच्या माधवराव पटवर्धन सभागृहात कथेवरील चर्चा सातत्याने ऐकल्यावर आपण कोणत्या लिखाणाच्या शेजारी जाऊन बसणार आहोत, याचा अंदाज येतो. कोण आजच्या शहराविषयी लिहीत आहे, कोणत्या विषयांवर लिहून लिहून आता काही उरलेले नाही, कोणता संपादक कोणत्या लेखनासाठी उत्सुक आहे, हे भाषणांपेक्षा नंतरच्या प्रश्नोत्तरांत अधिक स्पष्ट होते. म्हणून कार्यक्रम अर्ध्यावर सोडून कधी निघू नये, कारण आभारप्रदर्शनानंतर सभागृहाच्या दाराशी जे बोलणे होते ते पुष्कळदा सर्वांत उपयुक्त असते. माझ्या वाचनगटाचा पत्ता मला तेथेच मिळाला. 2023 पासून डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरू लागलेल्या पुणे पुस्तक महोत्सवाचाही मला असाच उपयोग झाला: एकाच मैदानात इतक्या प्रकाशकांची पुस्तके हाताळता आली की नव्या लेखकाचा पहिला कथासंग्रह कोण काढतो आणि कोण केवळ नावाजलेल्यांनाच छापतो, हे पाठपृष्ठे वाचूनच कळले.

लेखन कार्यशाळांबाबत मात्र निवड करावीच लागते. शहरात त्या अनेक होतात. काहींत दिवसभर मान्यवरांची भाषणे होतात आणि संध्याकाळी प्रमाणपत्र मिळते. अशा कार्यशाळेतून बाहेर पडताना वही भरलेली असते, परंतु कथा होती तेथेच असते. नाव नोंदवण्यापूर्वी मी आयोजकांना दोनच गोष्टी विचारत असे: गटात माणसे किती असतील, आणि माझा मजकूर कोणी वाचून त्यावर बोलणार आहे का? दुसऱ्या प्रश्नाला थेट उत्तर आले नाही, तर पुढे जात नसे. ज्या कार्यशाळेत मी अखेर गेले तेथे प्रत्येकाने स्वतःची कथा मोठ्याने वाचायची, वाचून होईपर्यंत कोणी मध्ये बोलायचे नाही आणि त्यानंतर लेखकाने खुलासा न देता सर्वांचे ऐकून घ्यायचे, एवढाच नियम होता. माझ्या मते कथा सुधारण्यासाठी याहून चांगली पद्धत नाही. अनेकांना अशा ठिकाणी कल्पना चोरीला जाण्याची भीती वाटते. कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो हे खरे. परंतु 1957 च्या भारतीय स्वामित्व हक्क कायद्याप्रमाणे लिहिलेल्या मजकुरावरचा हक्क लिहिताक्षणीच लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी बंधनकारक नाही. तारीख घातलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि निर्धास्तपणे वाचावे.

माझी कथा न्यायालयाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करून देणाऱ्या एका बाईंची होती. दिवसभर इतरांच्या घटस्फोटाचे, वारसाहक्काचे, नावात बदल करण्याचे मजकूर त्यांच्या हातांखालून जातात आणि एके दिवशी त्यांना स्वतःच्या भावाविरुद्धचा अर्ज टाइप करावा लागतो. पहिल्या खर्ड्यात आरंभीची दीड पाने वर्णनाची होती: सकाळची वर्दळ, काळे कोट, झाडाखालची टेबले. ती पाने मोठ्याने वाचत असताना समोरचे श्रोते सावरून बसले आहेत, पण अजून ऐकू लागलेले नाहीत, हे मला दिसत होते. "अर्जदाराचं संपूर्ण नाव सांगा," हे बाईंचे पहिले वाक्य आले आणि मान खाली घातलेले दोघे जण वर पाहू लागले. कथा कोठे सुरू होते, हे मला त्या माना पाहून कळले आणि दीड पान मी त्याच आठवड्यात काढून टाकले.

दुसरी सूचना वाचनगटातील एका ज्येष्ठ सदस्यांची होती. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ स्वतः कविता लिहितात आणि आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ते म्हणाले, "अहो ताई, हा पक्षकार जुन्नरकडचा शेतकरी आहे ना? मग तो तुमच्यासारखा का बोलतो?" मी लिहिले होते, "माझ्या हिश्श्याची जमीन मला मिळावी, एवढीच माझी इच्छा आहे." खरे तर हे अर्जातले वाक्य होते, माणसाच्या तोंडचे नव्हे. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली तर कथेला हवे ते आपोआप घडते, हे त्या चर्चेतून सुचले: माणूस म्हणतो, "माझं वावर मला द्या, बाकी काय नको," आणि बाई टाइप करतात, "अर्जदाराच्या हिश्श्याची मिळकत अर्जदारास मिळावी." एका माणसाची तळमळ कागदावर उतरताना कशी बदलते, हे पुढे सगळ्या कथेत मुरत गेले. भाषणे ऐकून हे मला सुचले असते असे वाटत नाही.

या काळात एक अनुभव कटूही आला. एका प्रकाशन संस्थेने प्रातिनिधिक कथासंग्रहासाठी कथा मागवल्या, माझी कथा दोनच दिवसांत "निवडली" आणि लगोलग सहभाग शुल्काची व ठरावीक प्रती विकत घेण्याची अट कळवली. कथेतील एकाही ओळीबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. मी नकार कळवला. अशा संग्रहांत नाव छापून येते, पण संपादन होत नाही, आणि तेवढ्यात ती कथा मात्र "प्रकाशित" ठरते. बहुतेक स्पर्धा व दिवाळी अंक अप्रकाशित साहित्यच मागतात, त्यामुळे तिची पुढची दारे बंद होतात. हीच बाब फेसबुकवर पूर्ण कथा टाकण्यालाही पुष्कळ ठिकाणी लागू होते. ज्यांना कथा अंकात यावी असे वाटते त्यांनी ती आधी इतरत्र देऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन.

दिवाळी अंकाची परंपरा 1909 मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने सुरू केली आणि आजही नव्या कथाकाराला मोठा वाचकवर्ग मिळवून देणारे याहून मोठे दालन मराठीत नाही. परंतु अंक दिवाळीत येतो म्हणून गणपतीनंतर कथा पाठवणाऱ्याचा उपयोग होत नाही. पुष्कळ संपादकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. मी पुणे मराठी ग्रंथालयात बसून मागील काही वर्षांचे अंक चाळले, प्रत्येक अंकात कथा साधारण किती लांबीच्या असतात, नवी नावे किती असतात आणि शहरी कष्टकऱ्यांच्या कथांना जागा मिळते का, हे टिपून घेतले आणि त्यावरून मोजकेच अंक निवडले. कथा युनिकोडमध्ये, पानांना क्रमांक घालून, अप्रकाशित असल्याचे स्पष्ट लिहून आणि चार ओळींच्या पत्रासह पाठवली. पत्रात स्वतःची स्तुती किंवा कथेचा आशय सांगण्याची गरज नसते. कथा ते काम करतेच.

दोन ठिकाणांहून काहीच उत्तर आले नाही. तिसऱ्या संपादकांचा दूरध्वनी पावसाळ्यात आला आणि पुढचा तासभर आम्ही केवळ शेवटाबद्दल बोललो. माझ्या खर्ड्यात बाई अर्ज टाइप करून झाल्यावर रडत होत्या. संपादकांचे म्हणणे असे की त्यांनी ठरलेले पैसे मागावेत, तेही भावाच्या वकिलाकडून. मला ते ऐकताक्षणी पटले नाही. रात्री लिहून पाहिले तेव्हा पटले. नंतर मुद्रिते, म्हणजे छपाईआधी तपासायची पाने, आली. साहित्य महामंडळाच्या प्रमाणलेखनाच्या अठरा नियमांपैकी ऱ्हस्व-दीर्घाचे नियम शाळेनंतर मी पहिल्यांदा इतक्या बारकाईने वाचले, आणि संवादांत बोलीचे रूप राखताना निवेदनात नियम पाळायचे, एवढे ठरवून घेतल्यावर दुरुस्त्या सोप्या झाल्या. मानधन माफक होते. प्रत्येक अंक ते देतोच असे नाही, म्हणून कथा स्वीकारली गेल्यावर मोकळेपणाने विचारावे, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

उशिरा लिहू लागणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे आणि राष्ट्रीय पुस्तक न्यासामार्फत राबवलेली पंतप्रधानांच्या नावाची युवा लेखक मार्गदर्शन योजना तिशीच्या आतील लेखकांसाठी होती. तरुणांना असे पाठबळ मिळावे यात वाद नाही, परंतु संसार, नोकरी आणि आजारपणे निभावून उशिरा लेखणी हाती घेणाऱ्या माणसांची, विशेषतः बायकांची, संख्या आपल्याकडे फार मोठी आहे आणि त्यांच्या वाट्याला येणाऱ्या संधी त्या मानाने थोड्या आहेत. म्हणूनच महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना मला महत्त्वाची वाटते. पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला ती साहाय्य करते आणि त्यासाठी पूर्ण हस्तलिखित तयार असावे लागते. एका कथेचे हस्तलिखित होत नाही, त्यामुळे सध्या मी न्यायालयाच्या परिसरातीलच आणखी माणसांच्या कथा लिहीत आहे. शिक्के विकणारा, नोटरीकडे काम करणारी मुलगी आणि साक्षीसाठी वर्षानुवर्षे तारखांना येणारे एक आजोबा असे तिघे आतापर्यंत उभे राहिले आहेत, आणि शिक्केवाल्याची कथा पुढच्या रविवारी गटात वाचायची आहे.