तुम्ही विचारलंत म्हणून: मुदगल किती किलोचं घेऊ?

व्हॉट्सअॅप स्टेटसला मुदगल, म्हणजे तालमीत व्यायामाला फिरवायचं ते टोकाकडं जड असलेलं लाकूड, फिरवतानाचा व्हिडिओ टाकला की दुसऱ्या दिवशी आडतीवर किमान दोघं तरी विचारतातच, मुनीमजी, आम्हाला पण घ्यायचंय, किती किलोचं घेऊ अन् त्यानं पोट कमी होतं का. चहा संपेस्तोवर उत्तर अर्धंच होतं दरवेळी, तेवढ्यात सौदा निघतो नाहीतर गाडी लागते, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

पोटाचं आधी सांगून टाकतो, नाही होत. पोटाचे व्यायाम केले म्हणून चरबी पोटावरचीच जाईल असं शरीर काही ऐकत नाही, ते सगळं खाण्यावर अन् एकूण हालचालीवर आहे. माझी ढेरी अजून आहे, व्हिडिओत दिसतेच. मुदगल मी धरलं ते कमरेसाठी.

2016 चा उन्हाळा आठवत असेल, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तो. आमच्या गल्लीत टँकर आला रात्री, सगळे पळाले, अन् मी दिवसभर गादीवर मांडी घालून हिशोब लिहिणारा माणूस, 20 लिटरचा भरलेला कॅन एका हातानं खसकन उचलला अन् तसाच वळलो. तेवढंच. कमरेत वीज चमकल्यासारखं झालं, कॅन सुटला, अर्धं पाणी रस्त्यावर. मागं उभ्या आजी माझ्याकडं बघायच्या सोडून पाण्याकडं बघत "अगं बाई, पाणी!" म्हणाल्या. त्या उन्हाळ्यात त्यांचं बरोबरच होतं म्हणा.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, अन् पुढं फिजिओथेरपीला पाठवलं. मला वाटलं आता क्रंचेस, म्हणजे पाठीवर झोपून धड उचलायचा व्यायाम, लावून पोट कडक करायला लावतील, तर त्या फिजिओबाईंनी ते बंदच केले. म्हणाल्या, कोअर म्हणजे पोटावरची बिस्किटं नव्हेत, तो डब्यासारखा आहे. वर झाकण म्हणजे श्वासपटल, खाली बूड म्हणजे ओटीपोटाचा तळ, समोरून अन् बाजूनं पोटाचे आडवे-तिरपे स्नायू, मागं मणक्याला चिकटलेले बारके स्नायू. हातपाय काम करत असताना मधला कणा हलू न देणं हे त्या डब्याचं मुख्य काम, अन् माझा डबा त्या रात्री वळताना ढिला होता. मग कॅनडाचे पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे ते तीन प्रसिद्ध व्यायाम लावून दिले. बर्ड डॉग, म्हणजे रांगायच्या पोझिशनमधे उजवा हात अन् डावा पाय लांब करून थांबायचं. साइड प्लँक. अन् पाठीखाली हात ठेवून डोकं-खांदे जमिनीवरून जरासेच उचलायचे तो कर्ल-अप. दिसायला पोरखेळ, पहिल्या दिवशी बर्ड डॉगमधे दहा सेकंदात मी वाऱ्यावरच्या कडब्यासारखा हलत होतो.

तीन महिन्यांनी दुखणं गेलं, पण कंटाळा आला. चटईवर एकटंच रांगायचं, बायको हसणार, पोरगा पाठीवर बसणार. तेव्हा गल्लीमागच्या तालमीत जायला लागलो. तिथं भिंतीवर हरिश्चंद्र बिराजदारांचा फोटो आहे, आपल्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे, 1970 ला एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीत सोनं आणलेले. गावाच्या नावातच मुदगड आहे म्हणून आमची पोरं जोक करतात, पण तालमीत त्या फोटोला नमस्कार केल्याशिवाय कुणी मुदगलाला हात लावत नाही.

पहिल्या दिवशी मी जोशात आठ किलोचं उचललं. कारण काय, तर शेजारी बारावीतलं पोरगं तेच फिरवत होतं. वस्ताद थोडा वेळ बघत राहिले अन् म्हणाले, "काय करायलास रं? मुदगल फिरायलंय का तू फिरायलास?"

सगळी गोष्ट त्या एका वाक्यात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उजव्या हातात मुदगल उभं धरायचं, कोपर बरगडीजवळ, टोक आभाळाकडं. मूठ उचलून ते डाव्या खांद्यावरून पाठीमागं सोडायचं, ते पाठीशी लोंबत गोल फिरतं अन् उजव्या खांद्यावरून परत छातीसमोर येतं. मागं गेलं की ते तुम्हाला मागं ओढतं, कमरेला बाक येतो, बरगड्या वर निघतात. पुढं आलं की एका बाजूला ओढतं. या दोन्ही ओढींना अंगानं नाही म्हणायचं, ढुंगण आवळून, पायाची बोटं मातीत रोवून. फिजिओबाई चटईवर जे शिकवत होत्या तेच हे, फक्त उभ्यानं अन् हलत्या वजनाशी. अन् वजन टोकाकडं असल्यानं चार किलो मुठीपासून दोन फूट लांब फिरायला लागले की ते चार किलो वाटतच नाहीत. मी आठ किलोनं खांदा धरवून घेतला, पंधरा दिवस शर्टात हात घालताना ओय ओय.

तर उत्तर, तीन ते चार किलो. बाईमाणसांनी, पोरांनी दोनपासून. दोन्ही हातांनी दहा-दहा फेऱ्या कंबर न हलता निघाल्या की मग वाढवा. खांदा निखळलेला असेल, मणक्यातली गादी सरकलेली असेल तर आधी डॉक्टरला विचारा, मला नको.

घ्यायचं कुठून हेही विचारता. ऑनलाइन मिळतात, लोखंडी गदा तर 'स्टील मेस' म्हणून बक्कळ भावात. गंमत बघा, इंग्रजांनी आपली ही जोडी-मुदगलं बघून 19 व्या शतकात 'इंडियन क्लब' म्हणून तिकडं नेली, 1904 ला सेंट लुईस अन् 1932 ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमधे क्लब फिरवायची स्पर्धा होती, अन् आता आपण तेच इंग्लिश नावानं परत विकत घेतोय. मी सुताराकडून बाभळीचं करून घेतलं. पहिलं ओल्या लाकडाचं झालं, उन्हाळ्यात मुठीपाशी तडकलं. फिरवताना तुटलं असतं तर शेजारच्यांच्या पत्र्यावर गेलं असतं. दुसरं जुन्या बैलगाडीच्या वाळलेल्या लाकडातून, त्याला दिवाळीत जवसाचं तेल पाजतो, आठ वर्षं झाली, रेघ नाही.

काही जण म्हणतात, आडतीवरचे हमाल रोज पोती उचलतात, त्यांना कुठलं मुदगल लागतं. खरंय, सोयाबीनचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून गाडीत चढताना बघा, मान-कंबर एका रेषेत. पण त्यातले निम्मे पन्नाशीत कंबर धरून बसलेत हेही मी रोज बघतो. थकल्यावर थांबता येतं तो व्यायाम, त्यांना थांबता येत नाही, हप्ता असतो. त्यांचं उदाहरण देऊन फुकट फुशारकी नको.

अन् लगेच मुदगल घेऊच नका. आधी बिनझाकणाची बादली अर्धी भरून एका हातात घ्या अन् घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत सरळ चाला, मग हात बदलून परत. दुसऱ्या बाजूला झुकलात, चालताना कंबर हेलकावली की पाणी पायावर येतंच. पाय कोरडे ठेवून घरी यायला मला तीन आठवडे लागले होते. ते जमलं की आडतीवर या, सुताराचं दुकान दाखवतो. फक्त घरात छताखाली फिरवू नका, आमची एक ट्यूबलाइट त्यातच गेली अन् बायको अजून काढते ते.