कोणाच्या वहीत?

बचत गटांचे हिशोब लिहिणाऱ्या बायकांना द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत मांडणं, शिकवायला जाताना मी एक तक्ता नेतो. मीच रंगवलेला. मधोमध तराजू, डावं पारडं लाल, त्यावर 'नावे', उजवं हिरवं, त्यावर 'जमा'. चौदा वर्षं अकरावीला पुस्तपालन शिकवतोय, त्यामुळे तक्त्याचा जरा तोराच होता.

वरून आलेली पुस्तिका 1494 सालच्या व्हेनिसपासून, तिथे या पद्धतीवर लिहून छापणाऱ्या लुका पाचोलीपासून सुरू होते. ती पानं मी उलटतो. जिला दुपारी धार काढायला घरी पोचायचंय तिला व्हेनिस कशाला? 'नावे' कळायला गावातलं किराणा दुकान पुरतं. "माझ्या नावावर मांड" म्हणतो ना आपण, तेच. घेणारा नावे, देणारा जमा.

मग जमिनीवर खडूने प्रत्येक खात्याचा एक 'टी' काढायचा आणि बायकांनी त्यात कार्डं मांडायची. बारा जणींची दोनशेप्रमाणे बचत आली, 2,400 रुपये. लाल कार्ड रोख खात्याच्या डावीकडे, हिरवं बचत खात्याच्या उजवीकडे. एकटं कार्ड मांडायचंच नाही. इथवर झकास चालतं. पुढे तेच पैसे बँकेत भरले: बँक खाते नावे, रोख खाते जमा.

"सर, थांबा." शेवयांचा धंदा करणाऱ्या एका ताईंनी पिशवीतून गटाचं पासबुक काढलं. "इथं 2,400 जमा छापलंय. तुम्ही नावे सांगताय. खोटं कोण, बँक का तुम्ही?"

सगळ्या हसल्या. अकरावीत हा प्रश्न दरवर्षी येतो आणि मी दरवर्षी सांगतो, "पासबुकात उलटं असतं, लक्षात ठेवा." मुलं ठेवतात. मी तेच म्हटलं. ताईंना पटलं नाही. त्यांनी आणखी एक पुस्तक काढलं, एका सभासदाचं, ताईंच्याच अक्षरातलं.

"हिचे दोनशे आले की मी हिच्या पुस्तकात जमा लिहिते. कारण गट हिचं देणं लागतो. बँक आपलं देणं लागते, म्हणून तिनं जमा लिहिलं. उलटं कुठंय? ती बँकेची वही आहे, आपली नाही."

मी खोलीच्या मधोमध रेघ ओढली. अलीकडे गटाची वही: बँक नावे, रोख जमा. पलीकडे बँकेची: रोख नावे, गटाचं खातं जमा. व्यवहार एकच, कार्डं चार. तक्त्याकडे पाहिलं, तर तराजू कोणाचा हे त्यावर कुठेच नव्हतं. वर लाल रंगामुळे निम्म्या बायका 'नावे' म्हणजे तोटा समजून बसल्या होत्या, ते जेवणाच्या सुट्टीत कळलं.

तिसऱ्या दिवशी चाचणी. दहा प्रश्न, उत्तरं आधीच ठरवून आलेली. चौथा प्रश्न: 'बँकेत पैसे भरले. नावे की जमा?' ताईंनी दोन्ही पर्याय सोडून शेजारी लिहिलं, 'कोणाच्या वहीत?' उत्तरसूचीप्रमाणे शून्य. मी समन्वयकांना फोन लावला. "सर, सूचीप्रमाणेच जाऊ द्या, आज गुण ऑनलाइन भरायचेत." मी भरले. दहापैकी नऊ.

"कुठला चुकला?" ताईंनी विचारलं.

"चौथा."

"मग बरोबर काय होतं?"

"नावे," म्हटलं, आणि त्या पासबुकं पिशवीत ठेवेपर्यंत मी तक्ता गुंडाळत राहिलो.